तिघांची समन्से, सही एकट्या आईची : घरी झालेली बजावणी वैध कधी मानायची?

गिरणाकाठ

सप्रेम नमस्कार. चाळीसगाव तालुक्यातील आमच्या गावी बारा दिवसांपूर्वी दिवाणी न्यायालयाचे बेलिफ आले आणि माझ्या आईच्या हाती समन्सचे तीन संच देऊन गेले. धाकट्या काकांनी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा लावला आहे. त्यात माझे वडील पहिले प्रतिवादी आहेत, एक गट माझ्या नावावर असल्याने मी दुसरा, आणि आमची फुई, म्हणजे वडिलांची बहीण, तिसरी. वडील त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरतेला माझ्या बहिणीकडे होते आणि आठवडाभराने परतणार होते. मी चौदा वर्षांपासून पुण्यात राहतो. फुईचे लग्न होऊन चाळीस वर्षे झाली, ती नंदुरबारला असते. वादपत्रात मात्र तिघांचाही पत्ता एकच दिला आहे, तो म्हणजे आमचे गावचे घर.

आई ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. बेलिफांनी शेजारच्या आबांना घर हेच ना असे विचारून घेतले, आईला तुमचे मिस्टर कुठे आहेत म्हणून विचारले आणि तिन्ही समन्सांच्या मागच्या बाजूला तिच्याच सह्या घेतल्या. आईने हात पदराला पुसले, सह्या केल्या आणि कागद वीजबिलांच्या डब्यात ठेवून दिले. मी फोनवर विचारले तेव्हा तिने "माले काय समजस" एवढेच उत्तर दिले, आणि त्यात तिचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

आता गावातील जाणकारांचे म्हणणे असे की बाईमाणसाची सही समन्सवर चालत नाही, त्यामुळे ही बजावणीच झालेली नाही, आपण स्वस्थ बसावे आणि काकांना समन्सचा भत्ता पुन्हा भरू द्यावा. समन्सवरची तारीख नऊ दिवसांवर आली आहे. हे म्हणणे कायद्याला धरून आहे का, आणि नसेल तर आमच्या हातात किती दिवस उरले आहेत?

शेवभाजी

आपल्या मातोश्रींनी तीन प्रतिवाद्यांचे काम एकटीने केले आहे, तेव्हा लेखी कैफियतही, म्हणजे दाव्याचे उत्तरही, त्यांनाच लिहू द्यावी, असे मी सुचवतो. विनोद बाजूला ठेवतो; उत्तर मलाही जाणून घ्यायचे आहे, म्हणून धाग्यावर बसून आहे.

तर्ककर्कश

गावच्या जाणकारांना माझा पाठिंबा आहे. समन्स ज्याच्या नावाचे त्याच्याच हाती पडले पाहिजे, हा साधा न्याय आहे. उद्या माझ्या नावाचे समन्स माझ्या सासूबाईंना दिले, तर ते माझ्यापर्यंत पोहोचेलच याची हमी कोण देणार?

तापीतीर

मी दिवाणी वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाईमाणसाची सही चालत नाही ही समजूत अगदी निराधार नाही, ती फक्त पन्नास वर्षे जुनी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या आदेश ५ मधील नियम १५ मध्ये पूर्वी कुटुंबातील सज्ञान "पुरुष" असाच उल्लेख होता. १९७६ च्या दुरुस्तीने तेथे पुरुष असो वा स्त्री अशी शब्दयोजना आली आणि ती दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली. फौजदारी समन्सात ही सुधारणा व्हायला मात्र १ जुलै २०२४ उजाडावा लागला. जुन्या फौजदारी संहितेत सज्ञान पुरुष असे होते, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ मध्ये कुटुंबातील सज्ञान व्यक्ती असे झाले. आपल्या गावातील जाणकारांनी कधीकाळी एखादे फौजदारी समन्स पाहिले असावे.

आता मूळ मुद्दा. समन्स शक्यतो प्रतिवादीला व्यक्तिशः द्यावे, हा नियम १२ आहे. नियम १५ हा त्याला अपवाद आहे आणि अपवादाला अटी असतात. प्रतिवादी घरी नसला पाहिजे, वाजवी काळात तो घरी सापडण्याचा संभव नसला पाहिजे, समन्स स्वीकारण्याचा अधिकार दिलेला त्याचा मुखत्यार नसला पाहिजे, आणि या सगळ्यानंतर समन्स ज्याच्या हाती द्यायचे ती व्यक्ती प्रतिवादीच्या कुटुंबातील, सज्ञान आणि त्याच्यासोबत राहणारी असली पाहिजे. "त्याच्यासोबत राहणारी" या शब्दांवर आपले सगळे प्रकरण उभे आहे. घरगडी किंवा मोलकरीण यांना कुटुंबातील व्यक्ती मानता येत नाही, असे स्पष्टीकरण त्याच नियमाखाली दिलेले आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. वडिलांपुरती बजावणी बहुतेक टिकेल. आठवड्याने परतणारा माणूस वाजवी काळात सापडण्यासारखा नव्हता का, असा वाद घालता येतो, पण त्या वादावर घर बांधू नये. तुमच्यापुरती बजावणी कच्ची आहे, कारण आई वडिलांसोबत राहते, तुमच्यासोबत नव्हे. फुईंच्या बाबतीत ती बजावणी म्हणण्याच्याही लायकीची नाही. भावजय नंदुरबारला नणंदेच्या घरी राहत नाही, हे सांगायला वकील लागत नाही. नियम ११ प्रमाणे प्रत्येक प्रतिवादीवर स्वतंत्र बजावणी लागते, एकाची झाली म्हणून बाकीच्यांची होत नाही.

दिवसांचे गणित असे आहे. लेखी कैफियत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि कारणे नोंदवून न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ९० दिवसांची मर्यादा मार्गदर्शक आहे, अपवादात्मक परिस्थितीत ती ओलांडता येते, असे म्हटले आहे, पण अपवादाच्या भरवशावर कोणी राहू नये. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दार पूर्ण बंद होते. आपला दावा तसा नाही. वडिलांचे ३० पैकी १२ दिवस गेले, असे धरूनच चाला.

निवृत्त_नाझर

तापीतीर साहेबांनी कायदा सांगितला, मी दुसऱ्या बाजूने सांगतो. धुळे जिल्ह्यात न्यायालयाच्या नझारत विभागात, म्हणजे समन्स-नोटिसांची बजावणी पाहणाऱ्या विभागात, माझी एकतीस वर्षे गेली, त्यातील पहिली अकरा वर्षे मी स्वतः बेलिफ होतो.

लोकांना वाटते की बेलिफ सही घेण्यासाठी येतो. प्रत्यक्षात बेलिफाचे खरे काम सहीनंतर सुरू होते, कारण समन्सच्या पाठीमागे त्याला अहवाल लिहायचा असतो. किती वाजता गेलो, कोण भेटले, प्रतिवादी कुठे गेल्याचे सांगितले, परत कधी येणार म्हणाले, समन्स कोणी घेतले आणि त्या व्यक्तीचे प्रतिवादीशी नाते काय, हे सगळे त्या चार बोटांच्या जागेत बसवावे लागते. न्यायाधीशांच्या समोर बेलिफ नसतो, त्याचा अहवाल असतो. आळशी बेलिफ "घरी नाही, पत्नीस दिले" एवढे लिहून मोकळा होतो आणि त्या चार शब्दांवर पुढे दोन पिढ्या भांडतात.

दारावर समन्स डकवण्याबद्दलही अनेक गैरसमज आहेत. प्रतिवादी सही करण्यास नकार देतो, किंवा पुरेसा शोध घेऊनही सापडत नाही आणि त्याच्या वतीने घेणारेही कोणी नसते, तेव्हा नियम १७ प्रमाणे तो जेथे नेहमी राहतो किंवा धंदा करतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी प्रत डकवायची असते. एक चक्कर मारली, कुलूप दिसले, खळ लावली आणि निघालो, याला बजावणी म्हणत नाहीत. डकवल्यावर अहवालात घर कोणी दाखवले आणि कोणासमक्ष डकवले, त्यांची नावे व पत्ते लिहावे लागतात.

ही नावे कशासाठी, हे मला शिरपूर तालुक्यातील एका गावात समजले. गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे आणि अर्थातच पाटील आडनावाचे तीन गृहस्थ होते. वादीच्या माणसाने लांबूनच बोट दाखवले आणि मी त्या दारावर समन्स डकवले. दुसऱ्या दिवशी ज्या पाटलांचा दाव्याशी काडीचाही संबंध नव्हता ते कागद घेऊन न्यायालयात आले आणि नाझरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे माझ्या दाराला का चिकटवले, माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते." त्या दिवसापासून पोलीस पाटील किंवा कोतवालाला सोबत घेतल्याशिवाय मी कोणत्याही दाराला खळ लावली नाही.

शेवभाजी

आणि पाहुण्यांचे काय झाले?

निवृत्त_नाझर

लग्न ठरले. लग्नाची पत्रिका मला व्यक्तिशः मिळाली, नियम १२ प्रमाणे.

माहेरवाशीण_अमळनेर

गिरणाकाठ भाऊ, आपल्या फुईंच्या जागी मी सहा वर्षांपूर्वी होते, म्हणून हात आखडता न घेता लिहिते.

माझे माहेर अमळनेर तालुक्यात आणि सासर नाशिकला आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क जन्मानेच आहे, हे स्पष्ट केले. त्यामुळे आता वाटणीच्या दाव्यात बहिणींना पक्षकार केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मात्र पक्षकार करणे आणि कळवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या थोरल्या भावाने दावा लावला, त्यात माझा पत्ता माहेरचा दिला, आणि माझे समन्स माझ्या धाकट्या भावाने घेतले. वादपत्रात मी तोंडी हक्क सोडल्याचे लिहिले होते. नोंदणीकृत हक्कसोड नाही, माझी कुठे सही नाही, पण मी हजरच नसल्याने ते खोडणारे कोणी नव्हते. माझ्याविरुद्ध एकतर्फा, म्हणजे माझे म्हणणे न ऐकता, हुकूम झाला आणि पुढे हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला.

मला हे समजले ते अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा. झोका घेऊन झाल्यावर वहिनींबरोबर मळ्यात गेले, तर विहिरीच्या अंगाला चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या. मी विचारले, हे काय आहे? वहिनींनी मान खाली घातली.

वकिलांनी आदेश ९ नियम १३ खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज केला. त्याची मुदत ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलेले नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून नव्हे, तो माहीत झाल्यापासून मोजतात, म्हणून मी वाचले. तरीही अर्जाचा निकाल लागायला सव्वादोन वर्षे गेली. आधीच्या श्रावणात कानबाईच्या रोटांना मी माहेरी गेले होते, तेव्हा भावाने मला केस चालू असल्याचे सांगितले होते, असा प्रतिज्ञालेख त्यांनी दिला. मला उलटतपासात विचारले गेले, "रोट खाताना वाटणीचा विषय निघाला होता की नाही?" निघाला होता. आमच्याकडे तो विषय दर सणाला निघतो.

तर्ककर्कश

ताई, आपल्याबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून विचारतो. आपल्याला दावा चालू असल्याचे जर माहीत होते, तर समन्स कोणाच्या हाती पडले याला महत्त्व का द्यावे? मी माझ्या पहिल्या प्रतिसादातील मत बदलले आहे, हे मान्य करतो. आता मला वाटते की माहिती झाली की विषय संपला पाहिजे.

तापीतीर

तर्ककर्कश, आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलात; कायदा मधे उभा आहे. आदेश ९ नियम १३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, असे सांगते की केवळ बजावणीत काही अनियमितता आहे एवढ्यावरून हुकूमनामा रद्द करता येणार नाही, जर प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची सूचना होती आणि हजर राहून उत्तर देण्यास पुरेसा वेळ होता, अशी न्यायालयाची खात्री पटली असेल. यात तारीख हा शब्द महत्त्वाचा आहे. "केस चालू आहे" हे ओसरीवरचे बोलणे झाले. कोणत्या न्यायालयात, कोणत्या तारखेला हे समजल्याशिवाय माणूस कुठे हजर राहणार?

आणि हेच परंतुक गिरणाकाठ यांच्या विरुद्ध जाते. ताईंना तारीख माहीत नव्हती. गिरणाकाठ यांना ती माहीत आहे, नऊ दिवसांवर आहे हे त्यांनी स्वतः येथे लिहिले आहे. उद्या त्यांनी मला समन्स मिळालेच नाही असे शपथेवर सांगायचे म्हटले, तर ते खरे बोलणे होणार नाही. माझी बजावणी कच्ची आहे, तेव्हा मी गप्प बसतो, हा विचार करणारे अशील दरवर्षी दोन-तीन तरी माझ्याकडे येतात, पण येतात ते एकतर्फा झाल्यावर.

केळीबाग_रावेर

वाटणीचा दावा नव्हे, पण गप्प बसण्याचा अनुभव माझ्यापाशी आहे. रोपांच्या पैशांपोटी दिलेला माझा एक चेक वटला नाही. समोरच्याने बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस पाठवली. पोस्टमन ओळखीचा होता. मी त्याला म्हणालो, घरी नाही असे लिही. त्याने सूचना देऊनही घेतले नाही असा शेरा मारून पाकीट परत केले, आणि मी सुटलो असे समजून त्या रात्री शांत झोपलो.

न्यायालयात मला समजले की १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, नोंदणी करून पाठवलेले टपाल पोहोचले असेच धरले जाते, आणि ते पोहोचले नाही हे दाखवण्याचे ओझे माझ्यावर येते. नोटीस मिळाली नाही असे ज्याचे खरेच म्हणणे असेल, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरून मोकळे व्हावे, ही सोयही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितली आहे. ती मला माझ्या वकिलांनी सतराव्या दिवशी सांगितली, कारण मी त्यांच्याकडे सतराव्या दिवशी गेलो.

निवृत्त_नाझर

दिवाणी समन्सालाही हेच लागू आहे. टपालाने किंवा कुरियरने पाठवलेले समन्स घेण्यास नकार दिल्याचा शेरा आला, की नियम ९ प्रमाणे न्यायालयाने बजावणी झाली असे जाहीर करायचे असते. पोचपावती हरवली किंवा समन्स काढल्यापासून ३० दिवसांत ती परत आली नाही, तरी पत्ता आणि टपालखर्च बरोबर असल्यास तसेच करता येते. नकार म्हणजे अडथळा असे लोकांना वाटते. कारकुनाच्या दृष्टीने नकार ही सगळ्यांत सोपी बजावणी आहे, कारण तिच्यात पुन्हा चक्कर मारावी लागत नाही.

भुसावळ_जंक्शन

एक छोटा प्रश्न. माझे मेहुणे रेल्वेत लोको पायलट आहेत आणि घरी कधी असतील हे त्यांच्या पत्नीलाही सांगता येत नाही. अशा माणसाला वाजवी काळात सापडणारा म्हणायचे की नाही?

तापीतीर

त्यांच्यासाठी नियम २७ आहे. सरकारी, रेल्वेच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या नोकराचे समन्स त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे पाठवता येते आणि प्रमुख ते त्याच्यावर बजावतो. सैनिकाचे समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे जाते, कैद्याचे तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे. भुसावळात राहणाऱ्या माणसाला हे माहीत असलेले बरे.

सुरतवासी_उधना

सुरतेचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. खानदेशातले हजारो लोक येथे कापडाच्या कारखान्यांत आहेत आणि दर दोन वर्षांनी खोली बदलतात. गावचे दावे त्यांच्या मागे फिरतात. माझ्या चुलतभावाचे समन्स धुळे जिल्ह्यातील न्यायालयाने नियम २१ प्रमाणे सुरतेच्या न्यायालयाकडे पाठवले, तेथील बेलिफ जुन्या खोलीवर गेला, घरमालकाने येथे राहत नाही असे सांगितले. मग वादीने, तो समन्स चुकवतो आहे, असा अर्ज देऊन धुळ्याच्या वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापून आणले. सुरतेत धुळ्याचे वर्तमानपत्र कोण वाचतो?

तापीतीर

नियम २० ची पर्यायी बजावणी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. प्रतिवादी समन्स चुकवण्यासाठी दडून राहतो आहे किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नाही, असे मानण्यास कारण असल्याची खात्री न्यायालयाला पटली पाहिजे. आणि वर्तमानपत्र हवे ते प्रतिवादी शेवटी जेथे प्रत्यक्ष राहत होता किंवा धंदा करत होता त्या भागात खपणारे दैनिक. चुलतभाऊ शेवटी सुरतेत राहत होते, हे वादीला बेलिफाच्या अहवालातूनच समजलेले होते. पर्यायी बजावणीला कायदा प्रत्यक्ष बजावणीइतकेच बळ देतो. मात्र हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाच्या ३० दिवसांच्या मुदतीपुरती ती रीतसर बजावणी मानली जात नाही, असे मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ खाली स्पष्टीकरण आहे. त्यांना हुकूमनामा केव्हा समजला, ते नीट टिपून ठेवा.

पारोळेकर

मला गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर एक समन्स आले. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, आणि हजर राहायचे नसेल तर अमुक खात्यात शुल्क भरा असा मजकूर. मी घाबरून निम्मे पैसे भरण्याच्या बेतात होतो. व्हॉट्सॲपवरची बजावणी खरी असते का?

निवृत्त_नाझर

प्रतिवादीकडे पैसे मागणारे समन्स जगात नाही. भत्ता वादी भरतो, तो न भरल्यामुळे समन्स निघाले नाही तर त्याचा दावाच काढून टाकला जाऊ शकतो. खऱ्या दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो; ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की दावा, न्यायालय आणि पुढची तारीख दिसते. आता बेलिफांच्या हाती एन-स्टेप नावाचे ॲपही आले आहे, त्यात दारासमोरचा फोटो आणि ठिकाण नोंदवले जाते. माझ्या वेळी ते असते, तर त्या पाटलांच्या दाराचाही फोटो निघाला असता.

तापीतीर

थोडी पुस्ती जोडतो. ईमेलने समन्स पाठवण्याची सोय नियम ९ मध्ये आहे. जुलै २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ईमेल आणि व्हॉट्सॲपसारख्या मार्गांना परवानगी दिली होती, आणि त्याआधी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, व्हॉट्सॲपवरची नोटीस समोरच्याने उघडून पाहिल्याचे दिसते म्हणून ती पोहोचल्याचे मानले होते. पोलिसांच्या हजर राहण्याच्या नोटिशीची गोष्ट निराळी आहे. ती व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. म्हणून असा संदेश आला तर तो पुसूही नये आणि त्यावर पैसेही भरू नयेत, सीएनआर तपासावा.

कापूसकोंड्या

माझ्या आजोबांचे म्हणणे असे की बेलिफ सूर्यास्तानंतर आला तर त्याला परत पाठवता येते. आम्ही एकदा साडेसात वाजता आलेल्या बेलिफाला चहा पाजून याच कारणावरून परत पाठवले होते.

निवृत्त_नाझर

चहा पाजलात, हे चांगले केलेत. सूर्यास्ताचा निर्बंध संहितेच्या कलम ६२ मध्ये आहे आणि तो जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी राहत्या घरात शिरण्याबद्दलचा आहे. समन्स देणारा बेलिफ काही जप्त करायला आलेला नसतो. त्याने बहुधा तुमच्या अंगणाबाहेर पडल्यावर अहवालात नकार असे लिहिले असेल.

कापूसकोंड्या

लिहिले होते. हे मला आज, अकरा वर्षांनी, समजते आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात जे घडले ते सांगतो.

आम्ही गप्प बसलो नाही. वडील डोळ्यावर काळा चष्मा लावून तारखेला हजर राहिले, वकीलपत्र दाखल केले आणि कैफियतीसाठी मुदत मागितली, ती मिळाली. मीही हजर झालो. माझी बजावणी कच्ची होती हे खरे असले तरी तो मुद्दा घेऊन मला मिळणार काय होते, तर आणखी एक समन्स. त्यापेक्षा कैफियत लिहिण्यासाठी वेळ मिळणे जास्त उपयोगाचे आहे, हे तापीतीर साहेबांचे म्हणणे पटले. डब्यातले संच उघडल्यावर असेही दिसले की वडिलांच्या संचाला वादपत्राची नक्कल जोडलेलीच नव्हती, ती फक्त माझ्या आणि फुईच्या संचाला होती. आईने सही करताना हे पाहावे, अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

फुईच्या बाबतीत मात्र आम्ही तसे केले नाही. तिला माझ्यामार्फत कळवले असते, तर तिला तारखेची सूचना होती असे उद्या काका म्हणू शकले असते, ही धास्ती मला माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद वाचून वाटली. पण न सांगणे हे त्याहून वाईट झाले असते. मी तिला सगळे सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोडला. वडिलांच्या वकिलांनी तिचा नंदुरबारचा पत्ता पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन न्यायालयाच्या नजरेस आणला.

तेव्हा बजावणीचे अहवाल पाहायला मिळाले. तिन्ही समन्सांच्या मागे एकाच शाईत, एकाच वळणात एकच वाक्य होते : "प्रतिवादी बाहेरगावी, कुटुंबातील एकत्र राहणारी सज्ञान स्त्री यांस दिले." खाली आईची सही, शेंगांच्या टरफलाचा तांबूस डाग अजून कोपऱ्यात होता. वडिलांच्या बाबतीत ते वाक्य खरे आहे. फुईच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की ती चाळीस वर्षांपासून आमच्याच घरी नांदते आहे.

निवृत्त_नाझर

"एकत्र राहणारी" हे शब्द बेलिफाने विचारून लिहिले की सवयीने लिहिले, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे, आणि वळण एकच आहे असे तुम्ही म्हणता त्यावरून उत्तर दिसतेच आहे. दारावर डकवलेल्या समन्साच्या अहवालाला शपथपत्राची जोड नसेल, तर न्यायालयाने बेलिफाला शपथेवर तपासायचे असते, असा नियम १९ आहे, आणि जोड असली तरी तपासता येते; येथे समन्स डकवलेले नाही, तरी न्यायालयाला वाटल्यास ते बेलिफाला विचारू शकते. फुईंनी त्यांचे नंदुरबारचे रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. आईंना साक्षीला बोलावण्याची वेळ बहुधा येणार नाही.

माहेरवाशीण_अमळनेर

फुईंनी काय ठरवले?

गिरणाकाठ

ती पुढच्या तारखेला स्वतः येणार म्हणते. न्यायालयाने काकांना तिचा पत्ता दुरुस्त करून नवे समन्स काढायला सांगितले आहे, पण तिचे म्हणणे असे की बेलिफ येईपर्यंत वाट कशाला पाहायची. आईला तिने निरोप पाठवला आहे, "वहिनी, माझ्या नावाचे लुगडे आले तर ठेवून घे, कागद आला तर मला विचार."